कोनाड्यातली दोरी

मित्रांनो, दिव्याचे आणि पाण्याचे जमत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडे पाहा. माझा जन्मच पाण्यात राहण्यासाठी झाला. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीत, पाण्याखाली हातभर, एक गोल कोनाडा असतो. त्या कोनाड्यात मी एकतीस वर्षे काढली. आता मी पंपाच्या खोलीतल्या फळीवर बसलो आहे. माझ्या उजव्या हाताला गाळणीची जुनी जाळी आणि डाव्या हाताला क्लोरीनचा रिकामा डबा. अंग कोरडे ठणठणीत आहे. ही कोरड मला अजून सवयीची झालेली नाही.

मला एका लहानशा कारखान्यात बनवले. पितळेचे कडे, तळहाताएवढी जाड काच, काचेभोवती रबराची चकती आणि आत एक मोठा बल्ब. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी मला पाण्याच्या पिंपात बुडवले आणि एकही बुडबुडा येत नाही ना, हे डोळे बारीक करून पाहिले. मग खोक्यावर एक कागद चिकटवला: ‘पाण्याबाहेर पेटवू नये.’ कारण माझा बल्ब इतका तापे, की भोवतालच्या पाण्यानेच मला थंड ठेवावे लागे. पाणी नसेल तर मी माझ्याच उष्णतेने फुटलो असतो. काही माणसेही अशीच असतात, हे मला पुढे कळले.

ज्यांनी मला कोनाड्यात बसवले त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते त्या क्लबात पोहणे शिकवत आणि तलावाची देखभालही करत. उंच, सडपातळ माणूस, गळ्यात शिटी, बोलणे मोजके. बसवताना त्यांनी माझी केबल नेहमीपेक्षा दुप्पट लांब ठेवली आणि तिचे वेटोळे करून माझ्या पाठीमागे कोनाड्यात सारले. बरोबरचा वायरमन हसला. एवढी केबल काय दिव्याला फिरायला न्यायची आहे का, असे त्याने विचारले. मास्तर म्हणाले, फिरायलाच. बल्ब गेला तर दिवा काठावर घेता आला पाहिजे, त्यासाठी तलाव रिकामा करायला लागू नये. आणि तेव्हा काम करणारा माणूस कोण असेल, त्याला पोहता येत असेल की नाही, कोण जाणे.

असा माणूस होता तो. पुढच्याच्या हाताचा विचार आधी करायचा, पण तसे बोलून मात्र दाखवायचे नाही.

तलाव पंचवीस मीटरचा. मी खोल बाजूच्या भिंतीत. सकाळी कचेऱ्यांना जाणारी मंडळी पोहून जात, संध्याकाळी मुलांचा वर्ग असे. दिवस मावळायला लागला की मास्तर पंपाच्या खोलीत जाऊन बटण दाबत आणि मी पेटत असे. माझा उजेड साधा, पांढरा. तो तळावर पसरला की तळाची एक एक फरशी मोजता येई. मूल कुठेही असले, तरी त्याची सावली खाली पडे. मास्तर काठाकाठाने फिरत आणि मुलांपेक्षा त्यांच्या सावल्यांकडे जास्त पाहत. मूल हात हलवतंय की नाही हे सावली खरं सांगते, असे ते पालकांना सांगत. एकदा एक मुलगा गुपचूप खाली गेला. ना ओरडला, ना हात मारले. त्याची सावली स्थिर झाली आणि मास्तरांनी कपड्यांसकट उडी घेतली. मुलगा वाचला. त्याच्या वडिलांनी मास्तरांचे पाय धरले, तेव्हा मास्तरांनी अवघडून पाण्याकडे बोट केले आणि म्हणाले, त्याचे आभार माना. ते गृहस्थ पाण्यात बघत राहिले. मला मात्र कळले. मित्रांनो, आयुष्यातले माझे सगळ्यात मोठे कौतुक ते एवढेच.

मास्तरांची एक मुलगी होती. तिला ते बेडकी म्हणत. नाव शोभायचेही, कारण ती पाण्याच्या काठावर सदा उकिडवी बसलेली असे. काठावरून हलायची नाही आणि पाण्यातही उतरायची नाही. मास्तरांनी दुनियेला पोहायला शिकवले आणि घरचीच कोरडी, असे लोक चिडवत. मास्तर तिला कधी ओढून पाण्यात नेत नसत.

ती आठ वर्षांची असताना माझा बल्ब गेला. मास्तरांनी वरचा स्क्रू काढून मला काठावर घेतले, नवा बल्ब बसवला, कडे घट्ट आवळले आणि फाटकाशी कोणी हाक मारली म्हणून ते उठून गेले. बेडकीला मला जवळून पेटलेला पाहायचे होते. ती पळत पंपाच्या खोलीत गेली, बटण दाबून परत आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी काय करणार? बटण दाबले की पेटायचे, एवढेच मला येते. काही क्षणांतच माझ्या काचेवरचे थेंब चर्र करून उडून गेले. पोरीला वाटले, दिव्याला चटके बसताहेत. तिने तलावातून ओंजळभर पाणी घेतले आणि मायेने माझ्यावर ओतले.

काच तडकन फुटली.

मास्तर धावत आले. बटण बंद केले. मग तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, भाजले का म्हणून. काचेकडे त्यांनी नंतर पाहिले. ओरडले नाहीत, आणि त्यांच्या न ओरडण्याने ती जास्त घाबरली. नवी काच आली, मी पुन्हा कोनाड्यात गेलो. पण पुढे आठवडाभर पोरगी खोल बाजूकडे फिरकेना. शेवटी एका संध्याकाळी मास्तर तिच्याशेजारी उथळ बाजूला पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, “जा, त्यालाच विचारून ये रागावलाय का.”

ती गेली. हातपाय कसेबसे मारत, नाकातोंडात पाणी जात, मधल्या दोऱ्यांना धरत. तिचा लाल टोपीतला डोळे मिटलेला चेहरा माझ्या जवळ जवळ येत गेला. मास्तर तिच्या मागोमाग दोन हातांवरून येत होते, हे तिला ठाऊक नव्हते. तिने खाली डुबकी घेतली, चिमुकला तळहात माझ्या काचेवर ठेवला आणि वर जाऊन ओरडली, “बाबा, नाही रागावला!”

अशा रीतीने बेडकी पोहायला शिकली.

ती लाल टोपी पुढच्या वर्षी फाटली. मास्तरांनी ती टाकली नाही. तिच्या पट्ट्या कापून ठेवल्या. तलावातली कुठलीही दोरी असो, तिच्या टोकाला ते लाल पट्टी बांधत, म्हणजे पाण्याखाली टोक पटकन सापडे. वर्षानुवर्षे त्या पट्ट्या मी माझ्या उजेडात हलताना पाहिल्या.

आता जे सांगणार आहे ते मास्तरांनी कुणालाच सांगितले नाही. बेडकी चौदा वर्षांची असताना तिची आई इस्पितळात होती. आजार मोठा होता. एका संध्याकाळी क्लबचा शिपाई धावत आला आणि मास्तरांच्या कानाशी काही बोलला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्यात सतरा मुले होती आणि शिकवणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी शिटी वाजवली, एकेकाला वर घेतले, मोजले. सोळा. पुन्हा मोजले. सोळाच. शिपाई म्हणाला, मास्तर, तुम्ही निघा, मी बघतो. शिपायाला पोहता येत नव्हते. मास्तर पाण्यात उतरले आणि भिंतीला धरून तलावभर फिरले. सतरावा शिडीच्या मागे अंग चोरून बसला होता, लपाछपी म्हणून. त्याला वर ठेवून मास्तर ओल्या कपड्यांनीच धावले. पण उशीर झाला होता. इस्पितळात आईजवळ त्या वेळी बेडकी एकटीच होती.

वर्षे गेली. बेडकी शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. माझे पितळ काळवंडले. काचेच्या कडेला क्षारांचा पांढरा थर चढला. मास्तरांचे केसही त्याच सुमाराला पांढरे झाले. मग त्यांना धाप लागायला लागली. दहा पावले चालले की काठावरच्या बाकावर बसावे लागे. हृदय थकले आहे, असे डॉक्टर म्हणाले. मुलगी रजा काढून आली, रजा संपली तरी राहिली, आणि हळूहळू संध्याकाळचा वर्ग तिनेच घ्यायला सुरुवात केली. मास्तर बाकावर बसून पाहत. मला वाटते, बापलेक इतके जवळ पूर्वी कधी राहिले नव्हते. आणि जवळ राहायची सवय नसली की माणसांचे कोपरे एकमेकांना लागतात.

त्याच सुमाराला क्लबच्या सेक्रेटरींनी रंगीत दिव्याचे काढले. हे सेक्रेटरी घोट्याच्या वर कधी पाण्यात गेले नव्हते, पण तलावाविषयी त्यांची मते खोल होती. सगळीकडे आता रंग बदलणारे एलईडी आलेत, निळा, हिरवा, जांभळा, आपलाच तलाव तेवढा इस्पितळासारखा पांढरा, असे ते म्हणाले. बेडकीलाही ते पटले होते. नवा दिवा तापत नाही, वीज कमी खातो, आणि माझा बल्ब आता बाजारात मिळेनासा झाला होता. मास्तर एवढेच म्हणाले, की रंगीत पाण्यात पोराची सावली दिसत नाही.

तिने समजावले. नव्या दिव्यात पांढराही रंग असतो म्हणाली. त्यांनी मान हलवली. तिने पुन्हा समजावले. ते माझ्याकडे, पाण्यात, बघत राहिले. ती दिवसभराची दमलेली होती. औषधे, वर्ग, डॉक्टर, पुन्हा वर्ग. आणि मग तिच्या तोंडून ते निघाले.

“तुम्हाला माणसांपेक्षा हा दिवाच जवळचा, बाबा. आई गेली तेव्हाही तुम्ही इथंच होतात.”

पाण्यातून आवाज जाड होऊन येतात, पण हा मला लख्ख ऐकू आला.  मास्तरांना सतराव्या मुलाची गोष्ट सांगता आली असती. चार वाक्यांचे काम होते. ते उठले, शिटी गळ्यातून काढून बाकावरच्या खिळ्याला अडकवली आणि हळूहळू फाटकाकडे गेले. मुलगी त्यांच्या मागे दोन पावले गेली आणि थांबली. जीभ चावून काय होणार? शब्द काही पुन्हा तोंडात जात नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. बेडकी औषधे आणायला बाजारात निघाली होती. ते म्हणाले, जातेसच तर नायलॉनची दोरी आण, पंधरा मीटर. तिने आणली. दुकानात पांढरी नव्हती म्हणून निळी आणली. त्यांनी ती घेतली आणि बरं म्हणाले. बस्स, एवढेच. कामापुरते बोलतात म्हणजे मनात धरून बसले आहेत, असे तिने समजून घेतले. ती वाट पाहत होती की ते रागावतील, म्हणजे तिला माफी मागता येईल. ते रागावेनात, आणि तिची माफी राहून गेली.

त्यानंतरच्या दुपारी ती डॉक्टरांकडून कागद आणायला गेली असताना मास्तर एकटेच पाण्यात उतरले. धाप लागलेल्या माणसाने उतरू नये, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी माझा स्क्रू काढला, मला काठावर घेतले आणि ओल्या फडक्याने पुसले. मग काठावरची जोडपेटी उघडली. माझी केबल जिथून जमिनीखालच्या पाइपात शिरते ती ही पेटी. तिथून त्यांनी एक कडक तार पाइपात सारायला घेतली. तार अडे. ते थांबत, श्वास घेत, पुन्हा सारत. दोन तास लागले. तारेला बांधलेली निळी दोरी शेवटी कोनाड्यात बाहेर आली. तिचे टोक त्यांनी कोनाड्यातच, पाइपाच्या तोंडाशी बांधले, खिशातून एक लाल पट्टी काढून त्यावर आवळली, आणि मला पुन्हा जागेवर बसवले. बसवण्याआधी काचेवर हात ठेवून म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे रे. तुझी वेळ झाली. नव्याला आत यायला वाट करून ठेवू.”

हे ते तिला सांगणार होते की नाही, मला माहीत नाही. बहुधा सांगणार नव्हते; तिला आपोआप सापडेल असे धरून चालले असतील. पण चौथ्या दिवशी त्यांना इस्पितळात नेले आणि आठवड्याने बेडकी एकटीच परत आली. शिटी अजून बाकावरच्या खिळ्याला लटकत होती. तिने ती हातात घेतली, पुन्हा अडकवली.

महिनाभराने नवा दिवा आला. वायरमन येण्याच्या दिवशी ती पहाटेच आली. तलावात कोणी नव्हते. तिने मला पेटवले, उथळ बाजूने पाण्यात उतरली आणि सावकाश पोहत माझ्याकडे आली. आता ती चाळिशीला टेकलेली बाई होती. पंचवीस मीटर म्हणजे तिच्या हातचा मळ. तरी मधे एकदा तिने दोरी धरली. डुबकी घेतली, तळहात माझ्या काचेवर ठेवला आणि श्वास पुरेल तितका वेळ तिथेच राहिली.

काय विचारत होती ते मला कळले. तिला मला नव्हते विचारायचे. पण ज्यांना विचारायचे ते नव्हते, आणि लहानपणापासून तिला हाच पत्ता दिला होता. मित्रांनो, एकतीस वर्षांत मुका असल्याचे दुःख मला त्या सकाळी पहिल्यांदा झाले. उत्तर माझ्या पाठीशी होते, वीतभर अंतरावर. मला फक्त उजेड पुढे टाकता येतो. मागे टाकता येत नाही.

वायरमन आला तो बोलत बोलतच. गप्पिष्ट, गोल पोटाचा माणूस. त्याला पोहता येत नव्हते आणि पाण्याची भीतीही होती. आल्या आल्याच म्हणाला, ताई, दोन दिवस धरून चाला. जुनी केबल तीस वर्षांत पाइपात चिकटली असणार. ओढायला गेलो तर तुटणार, मग तलाव रिकामा करा, भिंत फोडा, असा सगळा व्याप. बेडकीने स्क्रू काढला आणि मला उचलून काठावर ठेवले. केबल सरसर वर आली, तशी वायरमनने भुवया उंचावल्या. एवढी केबल कोणी सोडली म्हणाला. मग तो पालथा पडून, एका हाताने शिडी गच्च धरून, कोनाड्यात डोकावला आणि गप्प झाला. त्याचे गप्प होणे एवढे नवीन होते, की तिने मान वळवून पाहिले.

“ताई, इथं पाइपात आधीच दोरी घालून ठेवलीय. नवीकोरी. आता नवी केबल हिला बांधायची आणि ओढायची, तासाभराचं काम. ज्यानं घातली त्याला माहीत होतं नवा दिवा येणार म्हणून.”

त्याने टोक वर खेचले. निळी दोरी. टोकाला लाल रबराची पट्टी, उन्हापाण्याने फिकी झालेली, पण लालच.

ती काठावर बसली, तशीच, उकिडवी. पट्टी दोन बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिली. दोरी कोणी आणली, कोणत्या दिवशी आणली, दुकानात पांढरी का नव्हती, हे सगळे तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेले. वायरमनला वाटले, काही बिघडले. त्याने विचारले, काय झालं ताई?

“काही नाही,” ती म्हणाली. “नाही रागावला.”

वायरमनला अर्थ लागला नाही. तो समजूतदार होता. त्याने पाठ फिरवली आणि पेटीतले स्क्रू उगाच पुन्हा मोजायला घेतले.

नव्या दिव्याचे बटण एकदा बंद करून चालू केले की त्याचा रंग बदलतो. निळा, हिरवा, जांभळा, तांबडा, आणि पाचव्या खेपेला पांढरा. पहिल्या संध्याकाळी मुलांनी प्रत्येक रंगाला टाळ्या वाजवल्या. बेडकीने त्यांना पोटभर वाजवू दिल्या. मग पांढऱ्यावर थांबली आणि म्हणाली, आता पाण्यात. तेव्हापासून हाच नेम आहे. सुरुवातीला टाळ्या, मग पांढरा, आणि पांढरा असतानाच वर्ग. ती काठाकाठाने फिरते आणि सावल्या पाहते. शेवटी मोजते. एखाद वेळी एक कमी भरला, तर तिचा चेहरा पांढराफटक पडतो आणि ती आधी शिडीमागे पाहते. तिथे पाहायचे तिला कोणी शिकवले नाही. सतराव्या मुलाची गोष्ट तिला अजून माहीत नाही. तो शिपाई केव्हाच क्लब सोडून गेला. आता ती फक्त मला माहीत आहे, आणि तुम्हाला.

मला तिने भंगारात दिले नाही. अधूनमधून ती फळीवरून काढते, पितळ पुसते, पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत मला बुडवते, तारा जोडते आणि मगच बटण दाबते. पाण्याबाहेर एकदाही नाही. बादली उजळून निघते, छतावर पाण्याच्या रेघा हलतात, आणि ती समोर मांडी घालून बसते. मी पेटतो, थंड राहतो. पाच मिनिटांनी ती मला बंद करते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी वेळ झाली होती आणि मास्तरांनाही ते कळले होते. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या घरात कोणी कमी बोलणारे असेल, आणि एखाद्या दिवशी ते फारच गप्प झाले, तर ते रागावले आहे असे तुमचे तुम्हीच ठरवू नका. जवळ जा. हात ठेवा. रागावलाय का, असे सरळ विचारा. दिव्याला विचारून काही कळत नाही. माणसाला विचारा, तो समोर बाकावर बसलेला आहे तोवर.

पाच वाजत आले. पंपाच्या खोलीचे दार उघडेल आता. ती बटणाशी येईल, निळा, हिरवा, जांभळा, तांबडा... आणि मग पांढरा होईल. त्या पाचव्या खटक्याची मी रोज वाट पाहतो. मला तार जोडलेली नाही, माझ्यात वीज नाही. तरी त्या वेळी वाटते, की मीच पेटलो.